निबंधासाठी गायलेला ढावलो

माझं ठरत आलेलं लग्न एका निबंधापायी मोडायला निघालं होतं, आणि त्या निबंधाचं तेव्हा जेमतेम एक पान लिहून झालं होतं.

आमचा तांडा सेनगाव तालुक्यात, आणि मी हिंगोलीच्या कॉलेजात मराठी घेऊन एम.ए. करत होते. तौलनिक साहित्याच्या सरांनी बजावलं, "विषय एकच, गाणी दोन बोलींमधली. साम्य शोधा, भेद शोधा. सोमवारी ज्याचा निबंध टेबलावर नसेल, त्यानं परीक्षेला बसायचं विसरावं." मी मोठ्या ऐटीत विषय सांगितला : 'सासरी जाणाऱ्या लेकीचं दुःख : जात्यावरची ओवी आणि बंजारा ढावलो.' ढावलो म्हणजे आमच्यात नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते, ते रडणं. विषय ऐकून सर खूश झाले, मीही खूश झाले. त्या आठवड्यातलं माझं ते शेवटचं खूश होणं!

कारण त्याच रविवारी पाहुणे येणार होते. मला बघून गेले होते, आता बोलणं पक्कं करायचं होतं. आधीची सगळी स्थळं "शिक्षण बस झालं" म्हणणारी. हा पहिलाच मुलगा, जो म्हणाला होता, "आधी परीक्षा होऊ द्या, लग्नाची तारीख मग काढू." त्यामुळे हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून बाच्या आधी माझाच जीव टांगणीला लागला होता. (मुलीनं असं बोलून दाखवू नये म्हणतात. पण लागला होता!) स्थळ गेलं तर शिक्षण जाणार आणि निबंध गेला तर परीक्षा जाणार. स्वप्नात सासरे यायचे आणि साम्य-भेद विचारायचे.

ओव्या सहज मिळाल्या. पुसेगावच्या मैत्रिणीच्या आईनं फोनवरच म्हणून दाखवल्या; मध्ये एकदा कुकर बंद करून आल्या आणि पुढची ओवी बिनचूक उचलली. अडलं ते ढावलोपाशी. रविवारी दुपारी मी वहीपेन घेऊन याडीसमोर, म्हणजे आईसमोर, बसले. (घरात आम्ही गोरमाटी बोलतो. इथं मराठी करून सांगते.)

"याडी, ढावलोचे शब्द सांग."

"ते असे बसून येत न्हाईत."

"मग कसे येतात?"

"गळ्यात पडल्यावर येतात."

"अगं, पाहुणे येणार आहेत!"

"ते संध्याकाळी. आत्ता पड अन् मोकळी व्हय!"

मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि याडीच्या गळ्यात पडले. पहिली ओळ तिनं म्हटली, दुसरी तिच्यामागून मी. तिसऱ्या ओळीत 'माझ्या वाटची भाकर आता कुणाला वाढशील' अशा अर्थाचं काहीतरी आलं, आणि मला खरोखरच रडू फुटलं! पोटात साठलेली सगळी धास्ती बाहेर आली. मला रडताना बघून याडीनं असा सूर धरला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

आता आमच्या बायकांची एक रीत आहे. कुणी गळ्यात पडून रडताना दिसलं, की आधी आपण सामील व्हायचं; कारण मागाहून विचारायचं. शेजारची काकी विरजण मागायला आली होती. तिनं दारातच वाटी ठेवली आणि माझा गळा धरला. तिचा आवाज ऐकून तिची सून आली, सुनेच्या मागोमाग आणखी चौघीजणी. मी हुंदक्यांमधून सांगत होते, "अगं, कॉलेजचं आहे, कॉलेजचं!" तशी काकी आणखी मोठ्यानं रडली. "लेकरू कॉलेज सोडून चाललं गंऽऽ!"

आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची जीप आली! संध्याकाळी येणारी माणसं दुपारीच हजर. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. तो लागला, तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली बसणारे म्हातारे काका तणतणत आमच्या दारात आले तेव्हा.

"लेकीचं लग्न लावून राहिलास अन् मला बलावणं न्हाई?" त्यांनी बाला फैलावर घेतलं.

"कुणाचं लग्न?"

"तुझ्या पोरीचं! ढावलो चालू हाय की. जीपवाल्या पाहुण्यांनी मला इचारलं, काय चाललंय. म्या सांगितलं, पोरगी सासरी चालली. ते आल्या पावली माघारी गेले."

बाचा चेहरा पांढरा पडला. गेलं स्थळ, गेली परीक्षा! बानं मोटारसायकल काढली.

"बस मागं! ते निबंधाचं पान घे."

"मी? माझा अवतार तर बघा!"

"मग काय म्या वाचून दाखवू?"

पाहुणे सेनगावात चहाच्या हॉटेलात सापडले. होणारे सासरे बशीत चहा ओतत होते. शेजारी मुलाचा मामा. मुलगा बाजूला, पडलेल्या चेहऱ्यानं. माझे सुजलेले डोळे, सुटलेले केस आणि गालावरचं पसरलेलं काजळ बघून मामा ताडकन उठला.

"आता तर हद्द झाली! मांडवातून उठवून आणली काय पोरीला?"

"न्हाई हो, तिचा अभ्यास हाय तो," बा हात जोडून म्हणाला.

"रडायचा अभ्यास? आमी काय येडे हाओत?"

"वाच!" बा माझ्यावर खेकसला.

मी भर हॉटेलात, भजी खाणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर, वाचायला लागले. "प्रस्तुत निबंधात उभय लोकगीतप्रकारांतील आशयसूत्रांचा तौलनिक परामर्श घेण्याचा प्रयत्न केला असून..." हॉटेलवाल्यानं टीव्हीचा आवाज कमी केला, चार ओळींनंतर पुन्हा वाढवला. दुसरा परिच्छेद सुरू होताच सासऱ्यांनी बशी खाली ठेवली.

"बास, बास! पटलं. नवरी झालेली पोरगी असलं बोलत न्हाई."

मामा अजून संशयानं बघत होता. तेवढ्यात मुलगा पहिल्यांदाच बोलला. "निबंध द्यायचा कधी आहे?"

"उद्या," मी म्हणाले.

"एकच पान झालंय?"

मी मान डोलावली.

"मग मामा, तिला इथं काहून थांबवून राहिले? जाऊ द्या की. बोलणी आपण तिच्या बासोबत करू."

बोलणी तिथंच, भज्यांच्या ताटल्या सरकवून झाली. मी काळीपिवळी जीपनं घरी परतले आणि सोमवारी निबंध सरांच्या टेबलावर ठेवला. सगळं लिहिलं होतं : रूढी, प्रतिमा, साम्य, भेद. मला वाटलं, आता काळजी संपली.

आठवड्यानं सरांनी निबंध तपासून परत दिला. मी तो घरी आणून उघडला. मार्क पासापुरते होते. खाली लाल शाईत शेरा होता : 'मांडणी ठीक. मात्र लेखिकेला या रडण्याचा प्रत्यक्ष अनुभव दिसत नाही.'

ते वाचून मी जो हंबरडा फोडला, तो ऐकून याडी चुलीपासून धावत आली आणि मला जवळ घ्यायच्या आधी तिनं पुढचं दार लावून घेतलं!