शनिवारची आई

दुपारची जेवणं आटोपली, की मी आणि आई कोरियात जातो. नागावच्या घराच्या पडवीत पाहुणे उतरलेले नसले, तर अगदी निवांत. माझी मुलगी पुण्याला नोकरीला गेली आणि जाताना टीव्हीवर तिथल्या मालिका हिंदी आवाजासकट जोडून देऊन गेली. आई पंच्याहत्तरीची, निवृत्त शिक्षिका. मी पन्नाशीची. पंखा पूर्ण सोडायचा, सुपारी कातरायची आणि परक्या बायकांच्या संसारात नाक खुपसायचं, याच्याइतकं सुख नाही.

तिथल्या आया आता मला तोंडपाठ झाल्या आहेत. गरीब आई मंडईत मासे विकते, चांगला तुकडा लेकाच्या पुढ्यात सरकवते आणि ‘मला डोकंच आवडतं’ म्हणते. मासळीच्या गावात जन्म गेलेल्या आम्हांला हे सांगते! श्रीमंत आई सोफ्यावर बसून मुलाच्या मैत्रिणीच्या तोंडावर पेल्यातलं पाणी फेकते. आणि एक असते मुलं सोडून गेलेली आई. ती परत येते, पण धडधाकट कधी येत नाही. तिच्या पहिल्या खोकल्याला आमची आई सुपारी खाली ठेवते.

“गेली ही. सोडून गेलेल्या बाईला हे लोक जगू देत नाहीत.”

सोडून गेलेला बाप मात्र खुशाल जगतो. दारात येऊन उभा राहतो, त्याला गरम भात वाढला जातो, तो मान खाली घालून जेवतो, मागे वाद्यं वाजतात आणि पोरं विरघळतात. मी भडकते. टीव्हीला उद्देशून काहीबाही बोलते.

“आपल्याकडे तरी काय निराळं होतं?” आई शांतपणे म्हणते.

खरंच नव्हतं. माझे वडील बोटीवर नोकरीला होते. महिनोन् महिने समुद्रात. ते घरी यायचे तेव्हा वासाचे साबण आणि चॉकलेटं यायची, वाडीतली माणसं भेटायला यायची, घरात सण असायचा. आई तळा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायची. बदली मागून मागून थकली, मिळाली नाही, म्हणून तिथेच एक खोली घेऊन राहायची. शनिवारी सकाळची शाळा करून एसटीने यायची आणि रविवारी परत. मला वडिलांची विधवा बहीण, माझी आत्या, सांभाळायची. लोक विचारत तेव्हा आत्या सांगायची, “बापूस बोटीवर असतो आनि आईस पोरीला टाकून जाते.” दोघंही नोकरीलाच होती. पण वडिलांच्या वाट्याला ‘असणं’ आलं आणि आईच्या वाट्याला ‘टाकून जाणं’.

शनिवारी फाटकाची कडी वाजली, की आत्या आतूनच ओरडायची, “आली बग तुजी शनवारची आई!”

मी धावत सुटायचे. मला वाटायचं, ती पिशवी टाकेल, मला उचलेल, रडेल. ती माझी नखं बघायची. मग केसांत उवा बघायची. मग पाढे. रविवारी ती गेली, की दांडीवर राहिलेल्या तिच्या साडीत मी तोंड खुपसून उभी राहायचे. खडूचा आणि तिच्या अंगाचा वास यायचा. सोमवारी आत्या ती साडी धुऊन टाकायची आणि मी आठवडाभर आत्याशी धड बोलायचे नाही.

वाढदिवस तर बहुतेक आडवारीच यायचा. आत्या पाट मांडायची, ओवाळायची, शिरा करायची; काही कमी करायची नाही बिचारी. मी पाटावर बसून फाटकाकडे बघत राहायचे. शनिवारी आई आली, की आशेने तिच्या मागे मागे फिरायचे. आता पुन्हा पाट मांडेल, आता निरांजन लावेल. ती हातपाय धुता धुता म्हणायची, “झाला ना बुधवारी?” संपलं. हे ‘झाला ना’ मला अजून सलतं. एवढी मोठी झाले, स्वतः आई झाले, तरी सलतं.

‘तुला तिकडे माझी आठवण यायची का?’ एवढंच मला विचारायचं होतं. ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. वडिलांना हे विचारावं असं मात्र कधी मनातही आलं नाही. त्यांची आठवण काढायची, त्यांना जाब विचारायचा नाही, हे मला कुणी शिकवलं कोण जाणे. आता ते नाहीत.

म्हणून मालिका मीच निवडते, आणि मुद्दाम त्या सोडून गेलेल्या आईच्या निवडते. वाटतं, पडद्यावरची बाई गुडघ्यांवर बसून धाय मोकलून रडली, तर माझ्या शेजारची थोडी तरी पाघळेल. ती ढिम्म हलत नाही. वर मलाच विचारते, “माफी कशाची मागतेय ही? पोटासाठीच गेली होती ना?”

परवाच्या मालिकेत एका मुलीचा वाढदिवस होता. ती एकटीच बसून हिरवं सूप पीत होती.

“हे काय, खडकावरचं शेवाळ खातेय?”

“समुद्रातलंच काहीतरी असतं,” मी म्हटलं. “त्यांच्यात बाळंतिणीला हे सूप देतात. म्हणून वाढदिवसालाही तेच पितात. आईनं सोसलं त्याची आठवण म्हणून.”

आईचा अडकित्ता थांबला.

“मी अळिवाची खीर करायचे,” ती म्हणाली.

“कधी?”

“तुझ्या वाढदिवसाला. तिकडे, खोलीवर. रजा मिळायची नाही. मग सकाळी अळीव भिजत घालायचे आणि शाळेतून आले की खीर करायचे. नारळ आपल्या वाडीतलाच न्यायचे. तुझ्या वेळी बाळंतपणात तुझ्या आत्यानं मला तीच करून घातली होती.”

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

“एकदा घरमालकीण वासावर आली. दारातून डोकावली आणि म्हणते, ‘बाई, हितं कोन बाळंत झालं?’”

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? म्हटलं, मी.”

मी फाटकाकडे बघत बसायचे, त्याच दिवशी माझा वाढदिवस दुसरीकडेही होत होता. आणि ‘झाला ना’ म्हणजे ‘मी केला’ असं होतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. मी रडायला लागले. अगदी कोरियन रडले, आवाज काढून.

आईने पदराने माझं नाक पुसलं. मग माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि नखं बघितली.

“वाढलीत,” ती म्हणाली.