अस्तरातली विठाई

शंभर वर्षं भरली तेव्हा आमच्या शाळेला आपला इतिहास आठवला. तोवर तिला फक्त भविष्य होतं: नवा तरणतलाव, रोबोटिक्सची प्रयोगशाळा, क्रिकेटला दुसरं मैदान. जहागीरदारांच्या आणि कॉफीच्या मळेवाल्यांच्या मुलांसाठी निघालेली ही मुलांची शाळा. दगडी इमारत आहे, वसतिगृह आहे, तबेल्यात अजून घोडे आहेत. मी इथली ग्रंथपाल. जुनं काही म्हटलं की लोकांना ग्रंथपालच दिसते, म्हणून इतिहासाचं दालन लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

या शंभर वर्षांत शाळेनं कितीतरी गोष्टी बदलल्या, शिंपी मात्र बदलला नाही. लष्कर मोहल्ल्यातल्या गुंडूमामांचे आजोबा पहिल्या तुकडीचे कोट शिवत, मग वडील, आता मामा. माझ्या वडिलांचे, म्हणजे तिरुमलरावांचे कोटही तेच शिवायचे, म्हणून मामा. अंगकाठी सुतळीसारखी, पण एकादशीच्या भजनात आवाज असा लागे की पार मंडी मोहल्ल्यातली कुत्री उठून बसत. माप घेताना ते मुलाच्या आईला हटकून विचारायचे, "जेवतो का नीट?" एकीनं विचारलं, मापाशी त्याचा काय संबंध? मामा म्हणाले, "संबंध आहे की! न जेवणाऱ्याला खांद्यात कापड सोडून काय करायचं?"

तर, दालनासाठी एका माजी विद्यार्थ्याच्या घरून पहिल्या तुकडीतला कोट आला. अस्तर विरलेलं. पुतळ्यावर चढवताना छातीकडून एक इवलीशी कापडी पुडी टपकन पडली आणि तिच्यातून काळी पूड सांडली. व्यवस्थापक साकेत सर विंचू पाहिल्यासारखे मागे सरले. मी वास घेतला आणि ओळखलं. बुक्का! विठोबाला वाहतात तो. मी एकटी असते तर गुपचूप कपाळाला लावून मोकळी झाले असते. पण प्राचार्य समोरच उभे होते. "शिंप्याला बोलवा," ते म्हणाले.

मामा आले ते बायकोला, शांताक्कांना घेऊन, धुतलेला सदरा आणि टोपी घालून. शंभरीच्या वर्षी शाळा बोलावतेय म्हणजे शाल-नारळ असणार, असा दोघांचा हिशेब. पुडी पाहिली आणि मामांचे डोळेच भरून आले.

"आजोबांचा टाका हो हा!" म्हणाले. मग सांगितलं. शाळेच्या पहिल्याच वर्षी मापाला आणलेला एक मुलगा आजोबांच्या धोतराला धरून रडू लागला, सोडेना. घर लांब, आई लांब. आजोबांनी देवळातला बुक्का कापडात बांधला आणि कोटाच्या अस्तरात, काळजाच्या बाजूला शिवून टाकला. म्हणाले, लेकरू आई सोडून आलंय, तर एक आई कोटात घालून देतो. विठाई म्हणजे आईच.

प्राचार्यांना मनापासून आवडलं ते. ढोंग नव्हतं त्यात. "सुंदर! हा आपला वारसा," ते म्हणाले. "दालनाच्या मधोमध काचेत ठेवू."

मामा फुलले. मी मागून डोळे वटारत होते, की पुरे, आता चहा घ्या आणि निघा. पण स्तुतीनं चढलेल्या माणसाला लगाम कुठला!

"सार, एकाच कोटात नाही की ते," मामा म्हणाले. "सगळ्यांच्यात आहे. आत्ताच्या पोरांच्यात पण आहे!"

मग प्राचार्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सुरुवात केली, "तुमच्या भावनेचा मला आदर आहे." आदराची भाषा सुरू झाली की समजावं, नकार येतोय. इथं सगळ्या धर्मांची मुलं आहेत, ते म्हणाले. कुणाच्या पालकांना विचारलं होतं? उद्या एखाद्याच्या कोटातून काळी पूड निघाली आणि तिचा फोटो फिरला तर काय उत्तर द्यायचं? शताब्दीच्या दिवसाआधी सगळे कोट उघडून ते काढायला हवं. कोट खराब होऊ नयेत म्हणून मामांनीच काढावं.

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याहून मोठा राग याचा आला, की ते चूक बोलत नव्हते. दुसऱ्याच्या लेकराच्या कोटात न विचारता आपला देव शिवायचा नसतो, हे मलाही कळतं. माणूस चुकीचा असता तर मी भांडले तरी असते.

"पण सार, ते काही करत नाही," मामा म्हणाले. "सुम्ने असतं तिथं. उगीच, आपलं."

"मग काढायला काय हरकत आहे?" प्राचार्यांनी मृदू आवाजात विचारलं.

मामांनी शांताक्कांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणा कोट."

माझ्याच वाचनालयात कोटांचे ढीग लागले. मामा अस्तर उसवत, पुडी काढत, पुन्हा बारीक टाका घालून बंद करत. शिपायानं कचऱ्याची बादली आणून ठेवली. शांताक्कांनी ती पायानं हळूच दूर सारली आणि पदर पसरला. एकेक पुडी पदरात पडत होती. साकेत सर मधूनच डोकावून म्हणत, "जरा लवकर होईल का?"

पुडी काढताना मामांचे ओठ हलायचे. देवाचं नाव घेत असतील, असं मला वाटलं. चहा द्यायला जवळ गेले तर ऐकू आलं, कोटाला सांगत होते, "स्वल्प, जरा सांभाळून रहा रे बाबा."

मी पुस्तकांच्या कपाटामागे गेले आणि रडले. दुसरं काय करणार होते?

"घालायचं कसं, एवढं ह्यांच्या आजोबांनी शिकवलं," शांताक्का म्हणाल्या. "अय्यो, काढायचं कसं ते कुणी सांगितलंच नाही बघ, नमिता."

काम संपल्यावर मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला निघाले. वाट दालनावरूनच होती. टाळायला हवी होती, सुचलं नाही. दिवे लागलेले होते. मधोमध काचेत तो जुना कोट, बिनडोक्याच्या पुतळ्यावर चढवलेला, आणि त्याच्या पायाशी मखमलीवर ती पुडी. खाली सुबक अक्षरांत पाटी: 'मायेची परंपरा'.

मामांनी काचेला नाक लावून आत पाहिलं.

"ह्यात पोरगं कुठंय, नमिता?"

"पोरगं नाही मामा. पुतळा आहे."

"मग ह्याला आई कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "हे उघड की. कुणा एकाला तरी देऊन टाकू."

काचेला कुलूप होतं. किल्ली साकेत सरांकडे. "माझ्याकडे किल्ली नाही, मामा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

शांताक्कांनी पुड्यांनी भरलेल्या पदराला गाठ मारून तो कमरेला घट्ट खोचला. बाहेर मैदानावर मुलं खेळत होती, कोट काढून कुंपणावर टाकलेले. दोघं त्या कोटांकडे न बघता फाटकाबाहेर गेले.