लाडवांच्या डब्याचं झाकण

आत्या लाडू वळत होती. एक लाडू झाला की डबा उघडायचा, लाडू आत ठेवायचा आणि झाकण घट्ट फिरवायचं. मुंग्यांची धास्ती, दुसरं काय!

तिच्यासमोर बसून मी गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांची तयार यादी एका छोट्या प्रोग्रॅमनं लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये भरत होतो. एका फाइलीत मावणारा, सर्व्हर न मागणारा गरीब डेटाबेस. पण सकाळपासून नुसता रखडत होता. हा झेपणार नाही, मोठा सर्व्हर लागेल, असं वाचनालयाच्या बाईंना कळवायच्या बेतात होतो. त्यांच्याकडे धड पंखासुद्धा नाही.

"वन्सं, सगळे वळून होऊ देत," आई आतून म्हणाली, "मग एकदाच लावा झाकण!"

माझा हात थांबला. मीही तेच करत होतो की! प्रत्येक पुस्तक आत गेलं की बिचारा डेटाबेस ते डिस्कवर पक्कं करून मगच पुढचं घेत होता. मी सगळी पुस्तकं एका गठ्ठ्यात बांधली आणि शेवटी एकदाच पक्कं करायला सांगितलं. आत्याचा पुढचा लाडू वळून व्हायच्या आत काम आटोपलं.

किती हलकं वाटलं! मधेच काही बिनसलं असतं, तर सगळा गठ्ठा पुन्हा भरावा लागला असता, एवढंच. तेवढा धोका पत्करायला आपण किती घाबरतो, आणि वर त्या बिचाऱ्या डेटाबेसलाच मठ्ठ ठरवतो.

आत्यानं आईचं ऐकलं नव्हतंच. तिनं पुन्हा डबा उघडला, एक लाडू माझ्या हातावर ठेवला.

"खा. सकाळपासून तोंड पाडून बसलायस."

झाकण लावायचं तेवढं ती विसरली.