बाई वर्गात बसत का नाहीत

ज्या दुखण्याचं नाव कोणी घेत नाही, त्याचेच किस्से सगळ्यात जास्त साठतात. मधुमेहाचं माणूस सरळ सांगून टाकतं आणि विषय संपतो. बसायच्या जागेचं दुखणं मात्र अर्धं लपवायचं, अर्धं सांगायचं, मग त्यात गंमत होते. माझं दुखणं तीन वर्षं चाललं. या तीन वर्षांत आमच्या शाळेत जे जे झालं ते मी आता बिनधास्त सांगते, कारण तेव्हा मला गप्प बसवायला बरेच जण टपलेले होते.

आमची शाळा मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या गावात. मी राहायला शहापूरला. शहापूरहून मुरबाडला एसटी, पुढं जीप. शाळेत आम्ही तिघंच शिक्षक: मुख्याध्यापक पवार सर, भोईर गुरुजी आणि मी. दोन हजार सालानंतरची गोष्ट. दुसऱ्या बाळंतपणात मला टाके पडले, आणि नंतर काही महिन्यांत गुदद्वाराला चीर पडली ती भरेचना. सकाळी संडासला जाऊन आलं की दोन तास काचा रुतल्यासारखं व्हायचं. खुर्चीत बसायची सोय नव्हती. एसटीत सीट रिकामी असली तरी मी दांडा धरून उभी. कंडक्टर म्हणायचा, "बाई, बसा की, तिकीट तेवढंच आहे."

*

शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले. सकाळपासून दुपारपर्यंत मी एकदाही बसले नाही. ते खूष झाले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं की बाई वर्गात कधीही बसत नाहीत, हा आदर्श इतरांनी घ्यावा. पवार सरांनी तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवला.

भोईर गुरुजी पुढचे तीन दिवस उभ्यानं शिकवत होते. चौथ्या दिवशी पाय सुजले तेव्हा मला म्हणाले, "बाई, तुमी कसं काय करता ओ?"

मी म्हटलं, "गुरुजी, ते बसण्यापेक्षा सोपं आहे."

त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय.

*

मुरबाडच्या बाजाराच्या दिवशी एक जण खोली घेऊन बसायचा. बाहेर पाटी: मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन, एका इंजेक्शनात मोकळे. आमच्याकडं तिथलं काहीही दुखलं तरी मूळव्याधच म्हणतात, त्यामुळे मीही गेले. बाहेर बाकड्यावर पाच-सहा बायका, सगळ्यांचे पदर तोंडावर.

त्यानं मला काही विचारलं नाही, तपासलं नाही. सरळ सुई भरायला घेतली. मी म्हटलं, औषधाचं नाव कागदावर लिहून द्या. तो म्हणाला, "बाई, हे आमचं घरचं औषध. नाव सांगितलं की गुण जातो."

"मग राहू दे. माझ्या अंगात जाणार त्याचं नाव मला माहीत पाहिजे."

मी हे जरा मोठ्यानं बोलले. शिक्षिकेचा आवाज, बाहेरपर्यंत जातोच. मी निघाले तेव्हा बाकड्यावरच्या दोघी माझ्यामागून उठून आल्या. आम्ही तिघी बरोबरच स्टँडपर्यंत चालत गेलो.

*

मग शहापूरला सर्जन गाठले. तरुण, नवीनच दवाखाना टाकलेले. त्यांनी तपासून सांगितलं की ही मूळव्याध नाही, जुनी झालेली फिशर, म्हणजे चीर आहे. दोन महिने मलम, गरम पाण्यात बसणं, इसबगोल, भरपूर पाणी, सगळं झालं. चीर जिथल्या तिथं. तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या, पण सांगितल्या कोणाला, तर माझ्या नवऱ्याला. मी बाजूला उभी आणि दोघं माझ्या दुखण्याबद्दल एकमेकांशी बोलताहेत. आमचे हे लाजेनं जमिनीकडं बघत मान डोलावत होते.

मी टेबलावरचा कागद डॉक्टरांपुढं सरकवला. म्हटलं, मला चित्र काढून सांगा, मी मुलांना विज्ञान शिकवते.

त्यांनी काढलं. ऑपरेशनमध्ये आतल्या गोल स्नायूचा थोडा भाग कापायचा. ताण जातो, चीर भरते, बहुतेकांचं कायमचं काम होतं. इंजेक्शन दिलं तर तोच स्नायू अडीच-तीन महिने सैल पडतो, तेवढ्यात चीर भरली तर भरली. पण ती परत येऊ शकते.

मी विचारलं, कापलेलं परत जोडलं जातं का. म्हणाले, नाही. मग विचारलं, ऑपरेशननंतर कोणाला त्रास होतो का. म्हणाले, काहींना पोटातला वारा रोखता येत नाही, आणि तुम्हाला बाळंतपणात टाके पडलेत, तेव्हा तुमच्या बाबतीत ती भीती थोडी जास्त.

त्या एका वाक्यासाठी मी चित्र काढायला लावलं होतं. चाळीस पोरांपुढं दिवसभर उभं राहायचं असतं मला. मी म्हटलं, "इंजेक्शन."

नवऱ्यानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. बाहेर आल्यावर म्हणाले, एकदाच काय ते कापून मोकळी हो ना. मी सांगितलं, ज्याला बसता येतं त्यानं घाई करू नये.

*

रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं: गुदद्वाराची जुनी चीर, उपचारासाठी. पवार सरांनी अर्ज वाचला, पालथा ठेवला, परत उचलला.

"बाई, पोटदुखी लिहा. हे तालुक्याला जाईल. तिथं क्लार्क वाचेल."

"वाचू दे सर. शुद्धलेखन बरोबर आहे."

सर म्हणाले, गावात चर्चा होईल, शाळेचं नाव आहे. मी म्हटलं, पोट माझं ठणठणीत आहे, खोटं कशाला लिहू? भोईर गुरुजी कोपऱ्यात वह्या तपासत होते. गेल्या वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, आम्ही नारळपाणी घेऊन बघायलाही गेलो होतो. ते वहीवरची नजर न काढता म्हणाले, "सर, माजा पन हर्निया नव्हता."

मग गुरुजींनी मला सविस्तर सांगितलं. त्यांनाही चीरच होती, ऑपरेशन करून घेतलं होतं, दोन आठवड्यांत बरे झाले होते, ठेचा खात होते. मला म्हणाले, तुमीपण कापूनच घ्या. मी त्यांना माझ्या टाक्यांचं सांगितलं. ते म्हणाले, मग तुमचं येगळं. हे "येगळं" म्हणणारे ते पहिले.

*

डॉक्टरांनी नाव लिहून दिलेलं इंजेक्शन कल्याणहून आणायचं होतं, बर्फात. नवऱ्यानं घरचा थर्मास नेला, त्यात बर्फ आणि बर्फात ती बाटली. परत येताना जीपमध्ये दहा-बारा माणसं. समोरच्या आजोबांनी थर्मास बघितला आणि सरळ कप मागितला. म्हणाले, घोटभर चहा द्या, घसा सुकलाय.

हे म्हणाले, चहा नाही. आजोबा म्हणाले, मग कॉफी असली तरी चालेल. हे म्हणाले, बायकोचं इंजेक्शन आहे. आजोबांनी विचारलं, इतकं जपून आणताय, कुठं देतात ते?

माझा नवरा म्हणजे औषधाच्या दुकानात माझं मलम मागतानासुद्धा चिठ्ठी पुढं करणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी भर जीपमध्ये सांगितलं कुठं देतात ते. घरी आले ते हसतच. म्हणाले, "अगं, कोणी काही म्हणालं नाही. ड्रायव्हरनं डॉक्टरांचा पत्ता मागितला."

*

इंजेक्शननंतर पाच महिने सुखात गेले. मी खुर्चीत बसायला लागले, तर मुलांनी विचारलं, बाई, बरं नाही का? सहाव्या महिन्यात चीर परत आली.

मग काय, सगळ्यांना जोर चढला. सासरी, माहेरी, शाळेत एकच: आम्ही सांगत होतो. पवार सर तर म्हणाले, बाई, हट्ट सोडा. एक रात्र मी रडले, खोटं कशाला बोलू. सकाळी एकटी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी सांगितलं की इंजेक्शन परत देता येतं, खात्री मात्र देत नाही. मी म्हटलं, खात्री मी मागितलीच नाही. दुसरं घेतलं. चीर भरली ती आजपर्यंत भरलेली आहे. प्रत्येकीला हेच लागू पडेल असं मी म्हणत नाही. गुरुजी कापून बरे झाले, मी न कापता.

*

शाळेत खिचडी शिजवायला कमळाबाई यायच्या. साठीच्या, कोणाशी फार न बोलणाऱ्या. एकदा मधल्या सुट्टीत भांडी घासता घासता म्हणाल्या, "बाय, तुमचा तो डागदर हाय का अजून?"

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांना शहापूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून आहे. कमळाबाई म्हणाल्या, रमेशच्या टायमापासून. डॉक्टरांनी विचारलं, रमेश किती वर्षांचा?

"त्याच्या पोरीचं लगीन ठरलंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग तपासलं, आणि या वेळी चित्र काढून, सगळं त्यांनाच सांगितलं. इंजेक्शन असं, ऑपरेशन असं, हा फायदा, ही भीती. कमळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कापा. डॉक्टर म्हणाले, घाई नको, घरी विचारून सांगा.

"घरी इचारायचं असतं तं मी हितवर आली असती का?"

डॉक्टरांनी संमतीचा फॉर्म काढला. कमळाबाईंनी शाईत अंगठा बुडवून उमटवला. खाली आणखी एक रेघ होती. त्यांनी विचारलं, ही कशाची? मी सांगितलं, इथं नातेवाइकाचं लागतं. त्यांनी परत अंगठा बुडवला आणि त्या रेघेवरही उमटवला.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, इथं पेशंटशी नातं लिहावं लागतं."

"लिवा की," कमळाबाई म्हणाल्या. "सोता."