तेजरामचा ताप

मैनाबाईनं नवऱ्याला चौघांच्या खांद्यावरून नेलं, याचा तिला केवढा अभिमान होता. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात दवाखान्यात गेलेल्यांची तोंडंसुद्धा घरच्यांना दिसली नाहीत. प्लास्टिकात गुंडाळून परस्पर नेलं. तेजराम मात्र कॅम्प-1 च्या कामगारवस्तीत, आपल्या घरी, आपल्या खाटेवर गेला. अंगाला हळद लागली, तोंडात पाणी पडलं. त्यासाठी मैनाबाई एकच खोटं बोलली. तो तापानं फणफणत होता, पण दारातूनच डोकावणाऱ्या डॉक्टरला तिनं सांगितलं, "छातीत दुखलं न् गेले." डॉक्टरलाही घाईच होती. हार्ट अटॅक लिहून तो मोकळा झाला.

पहिला खांदा शेजारच्या भैय्याजींचा. भला माणूस, कुणाकडे बोलावण्याची वाट पाहत नसे. आठवड्यानं त्यांना ताप भरला आणि दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत. त्यांच्या बायकोला, जयाला, शेवटचं तोंडही दिसलं नाही. मैनाबाईनं तिच्या घरी महिनाभर डबा पोचवला, पण आपल्या घरच्या तापाचा चकार शब्द काढला नाही.

पुढं तेजरामच्या कारखान्यानं जाहीर केलं, की कोरोनानं गेलेल्या कामगाराच्या घरातल्या एकाला पक्की नोकरी. बाकीच्यांना नुसता हिशेब. मरणातही जातपात असते म्हणायची. तेजरामची पोरगी हर्षा आयटीआय झालेली, जामुलला ठेकेदाराकडे रोजीवर राबत होती. ती आईला म्हणाली, "तू साहेबाले खरं सांगून दे, बस. थे नौकरी माही आहे."

कारखान्यातले सुशील साहेबही यांच्यासारखे नागपूरकडचेच, मनानं मऊ. "ताप होता असं तुम्ही सांगा, अन् शेजारचं कोणी साक्षीले आणा. मी फाइल वर पाठवतो," म्हणाले. शेजाऱ्यांनी हात झटकले. कोण कशाला कोर्टकचेरीची बला ओढवून घेईल? राहिली जया. मैनाबाईचं काम म्हटल्यावर तिनं 'कावून', कशासाठी, असं विचारलंही नाही, पदर सावरून निघाली. मैनाबाईचीही तिला सांगायची हिंमत झाली नाही.

"काकू, यांच्यासमोर सांगा," साहेबांनी मैनाबाईला विचारलं. "तेजरामभाऊंना ताप होता ना?"

जया गर्रकन वळली. "ताप? आमचे हे खांद्याले आले, तवा ताप होता का, मैनाबाई?"

 शेजारी बसलेली हर्षा टेबलाखालून मैनाबाईचा हात दाबून राहिली होती. पोरीचा सारा जन्म त्या एका शब्दावर अडला होता, हे आईला कळत होतं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "ताप नव्हता."

साहेबांनी फाइल मिटली. त्यांचाही नाइलाज झाला.

परतताना ऑटोत जयानं मैनाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माह्या मनात लई दिवसांपासून शंका होती बाई. आज गेली. देव तुमचं भलं करो."

मैनाबाईला रडू आवरेना. हर्षा जामुलच्या नाक्यावर उतरली. तिची सेकंड शिफ्ट होती. जाताना तिनं आईकडे वळूनही पाहिलं नाही.