दयाराम खलाशाचा रविवार

दयाराम आणि मी भिलाईच्या कारखान्यात एकाच गँगमध्ये खलाशी होतो. खलाशी म्हणजे जड लोखंड उचलून जागेवर बसवणारा. बांधकामाच्या दिवसांत असे हजारो होते, धड काम येणारे थोडे. दयाराम त्या थोड्यांतला. नागपूरकडच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढला. चर्च चुकवत नसे, शिवी देत नसे. शिवी न देता लोखंड चढवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

तो विंच, म्हणजे लोखंड वर ओढायचं यंत्र, चालवी. पुंडलिक खाली उभा राहून हाताने इशारे देई. पुंडलिक भंडाऱ्याचा, हिंदू, बडबड्या, पण इशारे देताना गप्प. सहा वर्षं दोघं एकाच क्वार्टरमध्ये राहत होते, नवराबायको राहतात तसेच. गँगला ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही, कारण त्यांनी चढवलेलं कधी पडलं नाही.

शामरावांनी विचारलं. ते स्टोअरमध्ये कारकून आणि दयारामच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कमिटीचे पुढारी. त्यांच्याकडे या गोष्टीला बायबलातलं नाव होतं: सदोमाचं पाप. सदोम कुठे आहे मला माहीत नव्हतं. राजनांदगावच्या पुढे असेल असं समजलो.

बासष्टची निवडणूक आली. शामरावांनी चर्चमध्ये जाहीर केलं की मंडळीची एकशे चाळीस मतं एकाच उमेदवाराला जातील, तशी देवाची इच्छा आहे. तो उमेदवार चर्चच्या जमिनीचा कागद करून देणार होता.

"देवाचं नाव कोणत्या वॉर्डाच्या मतदारयादीत आहे, विचारलं मी," दयाराम मला म्हणाला.

चर्चच्या नव्या इमारतीच्या भिंती झाल्या होत्या. छपराचा भार पेलायला सहा लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे. चार कैच्या दयाराम आणि पुंडलिकने शिफ्ट सुटल्यावर फुकट चढवल्या होत्या. दोन राहिल्या असताना उमेदवाराचं येणं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी शामराव दयारामच्या क्वार्टरवर आले. मी तिथे चहा पीत होतो.

"दयाराम, उद्या दोन्ही कैच्या चढवून टाक. चार वाजता पाहुणे येऊन राहिले."

"उद्या रविवार आहे जी."

"देवाचंच काम आहे. आन् दुसरी गोष्ट." पुंडलिककडे न पाहता ते म्हणाले, "याले दुसरी जागा पाहू दे. नाई तर तुह्यं नाव मंडळीच्या वहीतून कापावं लागते. विरोधी पार्टीवाले पत्रकं छापतीन."

"चहा पिऊन जाऊ का तसाच जाऊ?" पुंडलिकने विचारलं.

दयाराम हसला नाही. त्याला आईबाप नव्हते. तो कोणाचा, हे लिहिलेलं त्या एकाच वहीत होतं. त्याने कप खाली ठेवला.

"शामरावजी, देवाच्या दहा आज्ञा मी छड्या खाऊन पाठ केल्या. त्यात पुंडलिक नाई. रविवारी काम नाई, हे आहे."

"मले शास्त्र शिकवतं?"

"नाई जी. मोजून राहिलो फक्त."

शामराव माझ्याकडे वळले. "तू तर हिंदू. तुले रविवार चालते."

"चालते. इशारा कोण देईन?"

"मी देतो," शामराव म्हणाले.

मी नको म्हटलं. इशारा देणाऱ्याला तोंड बंद ठेवावं लागतं.

रविवारी उपासना झाल्यावर शामराव आठ कारकून घेऊन कैचीला लागले. दयाराम धुतलेला सदरा घालून बाकावर बसून होता. तिघं जण एकाच वेळी हुकूम सोडत होते. कैची चार फूट उचलली, फिरली आणि चुन्याच्या ढिगात जाऊन बसली. कोणाला लागलं नाही. शामराव मात्र पांढरे झाले, डोक्यापासून बुटापर्यंत.

उमेदवार साडेपाचला आला. सदाचारावर वीस मिनिटं बोलला. मग वर पाहून म्हणाला, "बहुत हवादार चर्च है."

सोमवारी शिफ्टनंतर दयाराम, पुंडलिक, मी आणि आणखी दोघांनी दोन्ही कैच्या चढवल्या. दोन तास दहा मिनिटं लागली. पडलेलं लोखंड दयारामला बघवत नसे. शामरावांनी आभार मानले. गुरुवारी कमिटीने दयारामचं नाव कापलं.

तो दोन दिवस जेवला नाही. पुढच्या रविवारी पुंडलिकला घेऊन चर्चला गेला. मीही गेलो, बघायला.

दारात शामराव. "याले कायले आणलं?"

"माही जागा खाली झाली ना जी. नवा माणूस आणला."

"मी व्होटरबी आहो," पुंडलिक म्हणाला.

मतदान अजून व्हायचं होतं. शामराव बाजूला झाले.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं: येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा खायचा, तोही वहीत नाव असलेल्यांनीच. भाकरीची ताटली शामरावांनी स्वतः फिरवली. दयारामसमोर आली आणि न थांबता पुढे सरकली. शेजारी बसलेल्या पुंडलिकला तिथली रीत ठाऊक नव्हती. त्याला वाटलं प्रसाद. त्याने हात घालून तुकडा उचलला, मोडला, अर्धा दयारामच्या हातावर ठेवला.

दयारामने मान खाली घातली आणि खाल्ला.