पाळण्यावर परात

पितळी परातीत घुगऱ्या निवत होत्या. इरम्मांनी निम्म्यांना मीठ-खोबरं लावलं, निम्म्या तशाच राहिल्या. कारण घरातून पाळण्याच्या कड्या वाजल्या.

"सोनाली, कुठं टांगायलीस गं?"

"आतच, अव्वा. छताच्या कडीला."

इरम्मांचा हात थांबला. सास्तूरचं जुनं घर भूकंपात बसलं, तेव्हापासून इरम्मा कुठल्याच पक्क्या छताखाली निजल्या नव्हत्या. नव्या घराचं छत चांगलं दणकट होतं, पण त्यांचा मुक्काम अंगणातल्या पत्र्याच्या शेडात. पत्रा पडला तर खोक पडंल, माणूस राहील, असं त्यांचं म्हणणं. आज पहिल्या नातीचं बारसं. लिंबाच्या फांदीला त्यांनी सकाळीच दोर बांधून ठेवला होता.

"पाळणा आत असला तर म्या झोका द्यायला यायची न्हाय, सांगून ठेवते."

सून दारात आली. सोनालीचं माहेर ढोकी. तिथं साखर कारखान्याच्या धुराड्याची काजळी हंगामभर वाळवणावर, धुण्यावर, ताटात पडायची. त्यामुळं आभाळावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा ती झाकल्याशिवाय अंगणातून नेत नसे.

"अव्वा, बाहेर लेकराच्या डोळ्यात काजळी गेली म्हंजे?"

"हितं कुठला आलाय कारखाना?"

"मग हितं आता कुठला आलाय भूकंप?"

"परवा बादलीतलं पाणी हललं की!"

"शेळीनं लाथ मारली हुती."

बाजेवर बसलेले शांतलिंगप्पा, म्हणजे इरम्मांचे मालक, खूश झाले. "भांडा, भांडा. भांडणानं आयुष्य वाढतं."

त्यालाही कारण होतं. भूकंपाच्या रात्री आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून ते रुसून शेतात निजायला गेले होते, आणि आपलं बोलणं अर्धं राहिलं म्हणून इरम्मा त्यांच्या मागं गेल्या होत्या. दोघंही वाचले. महादेवानं दोघांना एकाच रात्री वाचवलं. पण एकीनं छताची धास्ती घेतली आणि दुसऱ्यानं भांडणावर श्रद्धा ठेवली.

"न्हायतर उंबऱ्यावर टांगा," ते म्हणाले. "ना आत, ना बाहेर."

"उंबऱ्यावर हिरण्यकशिपूचा निकाल लागला. माझी नात तिथं टांगता व्हय?"

तेवढ्यात बायका जमल्या. नाव ठेवायला इरम्मांची लेक गंगम्मा सासरहून आली होती. पाळणा आत सुरू झाला, आणि बाळानं असा सूर लावला की गाणाऱ्या बाया गप्प झाल्या. शेडात बसून इरम्मांनी थोडा वेळ ऐकलं. मग घुगऱ्या मालकांच्या धुतलेल्या धोतरावर ओतल्या, रिकामी परात डोक्यावर पालथी धरली, "शिवशिव" म्हणत आत गेल्या आणि ती पाळण्यावर धरून उभ्या राहिल्या. एका हातात परात, दुसऱ्या हातानं झोका.

बाळ गप्प झालं. परातीत त्याला दुसरं बाळ दिसत होतं.

नाव सांगायला गंगम्मा वाकली. टण्!

"अगं आई गं! अव्वा, परात काढ. मला कान दिसंना."

"लांबूनच सांग. तिला ऐकू येतंय."

बाया पोट धरून हसल्या. सोनालीही हसली असती. पण सासूबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता, डोळे छताला चिकटले होते, आणि परात मात्र लेकरावरून बोटभर सरकली नव्हती. स्वतःचं डोकं त्यांनी उघडंच ठेवलं होतं.

"काढा गं पाळणा," सोनाली म्हणाली. "लिंबाखाली चला."

"अन् काजळी?" इरम्मांनी विचारलं.

"छत्री हाय."

पाळणा लिंबाला लागला. सोनालीनं वर काळी छत्री धरली. इरम्मांनी ती बोटानं उचलून बघितली. "हलकी हाय. पडली तरी चालती." मग त्यांनी झोका दिला आणि गंगम्मानं कानात नाव सांगितलं, शिवांजली. तोच छत्रीवर टप् करून निंबोळी पडली.

"बघा! वरून पडतंय का न्हाय?" सोनाली म्हणाली.

"पडली. पण छत न्हाय पडलं."

शेडातून शांतलिंगप्पांची आरोळी आली. शेळीनं घुगऱ्या संपवून धोतर चघळायला घेतलं होतं. "माझं धोतर! आता हिच्यासंगं भांडतो."

"भांडा, आयुष्य वाढंल!" इरम्मा म्हणाल्या. बारशाला आलेल्या बायांच्या ओटीत घालायला आता काहीच उरलं नव्हतं. त्यांनी परात सुनेच्या हातात दिली, शेडातल्या खुंटीची पिशवी काढली आणि फुटाणे आणायला दुकानाकडं निघाल्या.